आधी निदान, मग पथ्य

अन्न न पचण्याच्या तक्रारीसाठी आपल्या भाषेत शब्दांना तोटा नाही. दूध ‘सोसत’ नाही, परगावचे पाणी ‘मानवत’ नाही, हरभऱ्याची डाळ ‘बाधते’, रात्रीचे दही ‘चालत’ नाही. मागच्या पिढीतील गृहिणी हे शब्द जपून वापरीत. घरात कोणाला काय बाधते याची नोंद त्यांच्या मनात पक्की असे आणि पान वाढताना हात त्याप्रमाणे आखडता येत असे. गेल्या काही दशकांत मात्र या साऱ्या शब्दांची जागा ‘ॲलर्जी’ या एकाच शब्दाने घेतली आहे. वांग्याची ॲलर्जी, दुधाची ॲलर्जी, गव्हाची ॲलर्जी. इतकेच काय, वर्षअखेरच्या ताळेबंदाची आणि एखाद्या वरिष्ठांचीही ॲलर्जी! गमतीत हे खपून जाते. आहाराच्या बाबतीत मात्र या एका शब्दाखाली तीन अगदी भिन्न गोष्टी झाकल्या जातात. त्यांची चाचणी वेगळी, पथ्य वेगळे आणि धोकाही वेगळा असल्यामुळे ही सरमिसळ कित्येकांना महाग पडते. कोणी विनाकारण जन्मभरासाठी दूध सोडतो, तर कोणी ज्या अन्नाने आतडे झिजत आहे तेच दोन्ही वेळा खात राहतो.

सरमिसळ नको

खरी ॲलर्जी म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेचा उतावीळपणा. शेंगदाणा, अंडे, दूध, कोळंबी, मासे, काजू यांसारख्या एरवी निरुपद्रवी अन्नातील एखाद्या प्रथिनाला शरीर शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे सज्ज ठेवते. ते अन्न पुन्हा पोटात गेले की काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, उलट्या होतात. प्रसंगी घसा आवळून श्वास कोंडतो आणि रक्तदाब कोसळतो. येथे मात्रेचा हिशेब चालत नाही. शेंगदाण्याच्या चटणीतला चमचा दुसऱ्या भांड्यात बुडाला, एवढे निमित्तही पुरते. असा प्रसंग ओढवल्यास घरगुती उपाय करीत न बसता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे, कारण त्या घटकेला उपयोगी पडणारे औषध म्हणजे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन. ज्याला असा त्रास एकदा झाला आहे त्याने ‘थोडेसे खाऊन पाहू’ हा प्रयोग घरी कदापि करू नये.

दुसरी गोष्ट अन्न-असहिष्णुता. शब्द जड आहे खरा, पण आजीच्या ‘सोसत नाही’चाच तो शास्त्रीय अवतार होय. यात रोगप्रतिकारक यंत्रणेचा संबंध नसतो. अन्नातील एखादा घटक पचविण्याची शरीराची ताकद तोकडी पडते, आणि त्रास बहुधा पोटापुरता राहतो. तो काही तासांनी जाणवतो, मात्रेनुसार कमीजास्त होतो, आणि त्याने जीव जात नाही. वाटीभर बाधते ते चमचाभर चालते, हे त्याचे मोठे लक्षण.

तिसरी गोष्ट सीलिॲक आजार. तो ॲलर्जी नव्हे आणि नुसती असहिष्णुताही नव्हे. गव्हातील ग्लुटेनच्या निमित्ताने शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला चढविते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहोत; तत्पूर्वी दुधाकडे वळू, कारण सर्वांत अधिक तक्रारी आणि सर्वांत अधिक गैरसमज त्याच्याच वाट्याला आले आहेत.

दुधाचे गणित

दुधातील साखरेला दुग्धशर्करा, म्हणजेच लॅक्टोज, म्हणतात. ही साखर आहे त्या रूपात रक्तात शिरत नाही. लहान आतड्याच्या अस्तरावरील लॅक्टेज नावाचे विकर तिचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करते, तेव्हाच ती शोषली जाते. विकर अपुरे पडले तर उरलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते. तेथील जीवाणू तिच्यावर ताव मारतात आणि वायू निर्माण होतो. शिवाय ही साखर स्वतःबरोबर पाणीही ओढून घेते. पोट फुगणे, गुडगुडणे, कळ येणे, पातळ शौचास होणे ही सारी लक्षणे एवढ्या एका कारणातून उद्भवतात.

अंगावरचे दूध तुटले की हे विकर हळूहळू घटावे, अशीच सस्तन प्राण्यांची रचना आहे आणि मनुष्य तिला अपवाद नाही. जगातील सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांमध्ये ते घटलेले असते. म्हणजे पन्नाशीत दूध न सोसणे हा रोग नसून तो निसर्गनियम आहे, आणि ज्यांना ते सोसते तेच खरे तर अपवाद होत. पशुपालन करणाऱ्या समाजांत हजारो वर्षांपूर्वी एक जनुकीय बदल रुजला आणि त्यामुळे त्यांच्यात हे विकर प्रौढपणीही टिकून राहिले. युरोपात आढळणारा तोच बदल भारतातही आढळतो, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेचे संशोधक त्यात सहभागी होते. त्याचे प्रमाण वायव्येकडे अधिक आणि पूर्वेकडे व दक्षिणेकडे कमी होत जाते. निलगिरी पर्वतावर म्हशी पाळणाऱ्या तोडा समाजात मात्र, दक्षिणेत असूनही, ते पुष्कळ आढळते. बदलीच्या नोकरीत अमृतसरला गेलेल्या आपल्या माणसाला तेथील सहकारी सकाळीच पितळी पेलाभर लस्सी किंवा दूध प्रेमाने पाजतात आणि दुपारी काउंटरवर त्याची तारांबळ उडते, यात पाहुणचाराचाही दोष नाही आणि पाहुण्याचाही नाही.

याचा अर्थ दूध वर्ज्य करावे असा मुळीच नाही. साधारण अडीचशे मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज असते, आणि विकर कमी असलेल्या बहुसंख्य लोकांना एका वेळी एवढे लॅक्टोज, विशेषतः जेवणाबरोबर घेतल्यास, फारसा त्रास न होता चालते. चहातले दूध तर याच्या पाव हिश्शाहूनही कमी असते. दही लावताना जीवाणू काही लॅक्टोज खाऊन टाकतात आणि उरलेले पचविण्यास आतड्यातही मदत करतात. म्हणून दूध न सोसणाऱ्याला दही-ताक बहुधा सोसते. श्रीखंडाचा चक्का टांगला की पाण्याबरोबर बरेच लॅक्टोज निथळून जाते, पनीरचेही तसेच. तुपात ते जवळजवळ नसतेच. खवा, पेढे, बासुंदी, दुधाची भुकटी यांची गोष्ट मात्र उलटी आहे. दूध आटते तेव्हा पाणी उडून जाते, दुग्धशर्करा जागच्या जागी राहते आणि लहानशा घासात दाटते. सणाच्या दिवशी दोन पेढे खाऊन पोट बिघडले की तुपाला दोष देण्याची रीत आहे. बिचारे तूप येथे निरपराध असते.

आणखी एक समज दूर केला पाहिजे. म्हशीचे सोडून गाईचे, गाईचे सोडून शेळीचे, किंवा चढ्या भावाने विकले जाणारे ‘ए-टू’ दूध घेतल्याने लॅक्टोजचा प्रश्न सुटत नाही. या सर्व दुधांत ते साधारण सारख्याच प्रमाणात असते. लॅक्टोजमुक्त म्हणून जे दूध मिळते त्यात ही साखर विकर घालून आधीच फोडलेली असते, म्हणून ते किंचित गोड लागते. ज्यांना पेलाभर दूध प्यावयाचेच आहे त्यांना त्याचा उपयोग होतो.

लहान मुलांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. जोराच्या जुलाबानंतर आतड्याचे अस्तर दुखावते व लॅक्टेज तात्पुरते घटते. काही आठवड्यांत अस्तर भरून येते आणि दूध पुन्हा पचू लागते. त्या तात्पुरत्या काळातील सल्ला पुढे चार वर्षे पाळला जातो, मूल दुधाशिवाय वाढते आणि कोणी पुनर्विचारच करीत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तर जुलाबात मुळीच तोडू नये. ज्यांना दूध खरोखरच फार कमी घ्यावे लागते त्यांनी कॅल्शियमची भरपाई करावी. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ आणि काट्यांसकट खाता येणारी लहान मासळी हेही उत्तम मार्ग आहेत.

निदानासाठी श्वासातील हायड्रोजनची चाचणी उपलब्ध आहे. उपाशीपोटी मोजून लॅक्टोज पाजतात आणि ठरावीक अंतराने श्वासाचे नमुने घेतात. न पचलेली साखर जीवाणूंच्या हाती लागली की हायड्रोजन तयार होतो, तो रक्तावाटे फुप्फुसांत येतो आणि श्वासात मोजता येतो. नुकतीच प्रतिजैविके घेतली असतील तर निष्कर्ष फसवा निघू शकतो, हे डॉक्टरांना आधी सांगावे. प्रौढाच्या बाबतीत अनेकदा दोन आठवडे दूध थांबवून पुन्हा सुरू करून पाहणे एवढेही पुरते.

गव्हाची गोष्ट

कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो तो ग्लुटेन या प्रथिनसमूहामुळे. गव्हाबरोबरच जव आणि राय या धान्यांतही त्याचे भाईबंद असतात. सीलिॲक आजाराचे वर्णन जुने आहे, पण त्याचे मूळ धान्यात आहे हे सिद्ध होण्यास दुसरे महायुद्ध यावे लागले. हेग येथील बालरुग्णालयातील डॉ. विलेम डिके यांना १९३० च्या दशकापासूनच पावावर संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. आणि सारा देश उपाशी असताना हे रुग्ण बालक मात्र सुधारू लागले. पाव पुन्हा मिळू लागताच ते पुन्हा खालावले. डिके यांनी पुढे काटेकोर प्रयोग करून १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला. दुष्काळाने दिलेला असा पुरावा वैद्यकाच्या इतिहासात दुर्मिळच म्हणावा लागेल.

हा आजार गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे तो नसतो, असे आपल्याकडील डॉक्टरही पुष्कळ वर्षे मानीत. तो समज आता टिकण्यासारखा नाही. राजधानी दिल्लीच्या परिसरातील लोकवस्तीत केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण ९६ व्यक्तींमागे एकास हा आजार आढळला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात देशाच्या तीन भागांतील २३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. या आजाराची सूचक प्रतिपिंडे रक्तात आढळण्याचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत अवघे ०.१० टक्के भरले. आजाराला आवश्यक असलेली जनुके तिन्ही भागांत साधारण तिघांतील एकाकडे होती. फरक होता तो पानातल्या धान्याचा. उत्तरेत दररोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू खाल्ला जात होता, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५ ग्रॅम. चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात येईल की ईशान्येचा आकडा या सरळ हिशेबात बसत नाही. गहू हे एक कारण झाले, एकमेव नव्हे.

या आजारात लहान आतड्याच्या आतील मखमलीसारखी लव झिजून सपाट होते आणि अन्नातील सत्त्व शोषले जाईनासे होते. जुलाब व पोटफुगी ही लक्षणे सर्वांना ठाऊक आहेत, परंतु पुष्कळ रुग्णांमध्ये पोटाची तक्रार नावालाच असते. लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा पंडुरोग, मुलांची खुंटलेली उंची, उशिरा येणारे वयात येणे, तरुणपणीच ठिसूळ झालेली हाडे, तोंडात वारंवार येणारे व्रण या वाटांनी तो प्रकट होतो. बालवयातील इन्सुलिनवर अवलंबून असलेला मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वयंप्रतिकारक विकार ज्यांना आहे, त्यांच्यात आणि रुग्णाच्या सख्ख्या नातलगांत त्याची शक्यता इतरांहून अधिक असते.

आमच्या एका सहकाऱ्यांच्या घरी घडलेली हकीकत त्यांच्या अनुमतीने, नाव न देता, येथे सांगतो. कोल्हापूरकडचे हे गृहस्थ बदलीवर हरियाणातील एका शाखेत होते. घरी भाकरी-भात खाणारी त्यांची अकरा वर्षांची मुलगी तेथे इतरांप्रमाणे तिन्ही त्रिकाळ रोटी-पराठ्यावर आली. बदलीमुळे आजार झाला असे म्हणता येणार नाही, पण मुलगी सुकत चालली होती हे खरे. वर्गात सर्वांत पुढे तिला उभे करीत, इतकी तिची उंची मागे पडली. हिमोग्लोबिन आठच्या वर जाईना. वर्षभर लोहाची औषधे झाली, जंतांची झाली. मग एका हितचिंतकांनी सुचविल्यावरून घरच्यांनी गहू पूर्ण बंद केला. दोन महिन्यांत मुलीला हुशारी वाटू लागली. सर्वांना आनंद झाला आणि त्यानंतर ते पोटविकार तज्ज्ञांकडे गेले, तेव्हा रक्तचाचणीत काहीच ठळक सापडले नाही. सापडणार कसे? गहू थांबला की प्रतिपिंडे उतरू लागतात, लव भरू लागते आणि पुरावाच पुसला जातो. निदान निश्चित करण्यासाठी त्या मुलीला पुन्हा कित्येक आठवडे पोळी खावी लागली. पोट पुन्हा दुखू लागले, आणि तेही वार्षिक परीक्षेच्या दिवसांत. “मला जे बरे करते तेच का थांबवता?” हा तिचा प्रश्न ऐकून आई-वडिलांचे काय झाले असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे रक्तचाचणी स्पष्ट आली, एंडोस्कोपीने आतड्याचा तुकडा तपासून निदान पक्के झाले, आणि कडक पथ्यानंतर वर्षभरात मुलीचे हिमोग्लोबिन बाराच्या वर गेले व उंचीही वाढू लागली. चाचणी आधी आणि पथ्य नंतर झाले असते, तर मधले ते आठवडे वाचले असते.

म्हणून क्रम लक्षात ठेवावा. सीलिॲकची शंका असल्यास नेहमीप्रमाणे गहू खात असतानाच ‘टीटीजी-आयजीए’ ही रक्तचाचणी, सोबत एकूण ‘आयजीए’ची मोजणी, आणि तज्ज्ञांना आवश्यक वाटल्यास एंडोस्कोपी व बायॉप्सी. गहू आधीच सोडला असेल तर ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार चाचणीपूर्वी किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लुटेन घ्यावे लागते. हे वैद्यकीय देखरेखीखालीच करावे. निदान झाल्यावर मात्र तडजोड नाही. पथ्य जन्मभराचे, आणि ‘सणापुरती एक पुरणपोळी’ त्यात बसत नाही.

संशयित दुसराच

गहू सोडल्यावर बरे वाटते, पण सीलिॲकही नाही आणि ॲलर्जीही नाही, असे अनेक जण भेटतात. त्यांचा त्रास खोटा नसतो. कारण कदाचित वेगळे असते. नॉर्वेत ओस्लो येथे अशा ५९ व्यक्तींवर एक प्रयोग झाला व तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना काही काळ ग्लुटेन, काही काळ फ्रुक्टान आणि काही काळ यांपैकी काहीच नसलेली खाद्यकांडी, कोणती कोणाला हे न कळू देता, देण्यात आली. सर्वाधिक त्रास झाला तो फ्रुक्टानने. फ्रुक्टान ही गव्हात असलेली एक कर्बोदक साखळी आहे. मनुष्याला ती पचत नाही, जीवाणूंना पचते. आणि ती गव्हापेक्षा दाटपणे कोठे असते? कांद्यात आणि लसणात!

ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा आंबणाऱ्या शर्करांचा एक गट करून त्याला ‘फॉडमॅप’ असे नाव दिले. फ्रुक्टान, लॅक्टोज, कडधान्यांतील शर्करा, काही फळांतील जादा फ्रुक्टोज आणि ‘शुगरफ्री’ मिठायांतील सॉर्बिटॉलसारखे पदार्थ त्यात येतात. मधुमेही पाहुण्यासाठी आणलेली साखरविरहित बर्फी खाऊन सारे घर स्वच्छतागृहाच्या रांगेत उभे राहते, त्याचे इंगित या शेवटच्या पदार्थात आहे.

आपल्याकडे आषाढात कांदेनवमीला कांद्याचा यथेच्छ समाचार घेऊन पुढे चातुर्मासभर कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरे आजही आहेत. व्रतामागील श्रद्धा बाजूला ठेवली तरी, ज्यांचे पोट सदा फुगलेले असते त्यांच्यासाठी हा एक आयता प्रयोग आहे. श्रावणात पोट हलके आणि कार्तिकात पुन्हा जड, असा अनुभव असेल तर तो डॉक्टरांना अवश्य सांगावा. लसणाची चव सोडवत नसेल त्यांच्यासाठी एक युक्ती आहे: फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात नाही. सबंध पाकळ्या तेलात परतून काढून टाकाव्यात आणि त्या तेलाची फोडणी द्यावी. कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी फेकून देण्याची आपली पद्धतही याच कारणाने गुणकारी आहे.

फॉडमॅप कमी करण्याचा आहार हा दोन ते सहा आठवड्यांचा तपास आहे, कायमची शिक्षा नव्हे. त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून, कोणता किती चालतो हे ठरवावयाचे असते. पहिली पायरी चढून तेथेच बसून राहिलेले लोक पुष्कळ दिसतात. त्यांच्या पानात पुढे भात आणि संशय एवढेच उरते.

किनारपट्टीवरील वाचकांसाठी एक टीप. बांगडा किंवा तत्सम मासा खाल्ल्यावर चेहरा लाल होऊन डोके ठणकले, तर ती माशाची ॲलर्जीच असेल असे नाही. बर्फाशिवाय राहिलेल्या माशात हिस्टॅमिन साठते आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. दोष माशाच्या जातीचा नसून त्याच्या शिळेपणाचा असू शकतो.

आहाराची रोजकीर्द

निदानाचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वही. बँकेशी संबंध असलेल्यांना रोजकीर्द आणि खतावणी नव्याने शिकवावी लागत नाही. दोन-तीन आठवडे काय खाल्ले, किती, केव्हा. त्रास कोणता, किती वाजता, किती वेळ, हे त्याच दिवशी लिहावे. आठवणीने मागाहून भरलेली नोंद विश्वासार्ह नसते. झोप, मासिक पाळी, घेतलेली औषधे आणि कामाचा ताण यांचाही स्तंभ असावा. खतावणी घातली की एखादा पदार्थ पुनःपुन्हा डोके वर काढतो, किंवा पदार्थाचा संबंधच नसून त्रास केवळ लेखापरीक्षणाच्या आठवड्यात होतो, असेही निष्पन्न होते!

संशयित पदार्थ ठरल्यावर (आणि तो गहू असल्यास सीलिॲकची चाचणी झाल्यावरच) तो दोन ते चार आठवडे बंद करावा. बरे वाटले तर पुन्हा सुरू करून पाहावा, कारण नुसते बंद करून बरे वाटणे हा पुरावा अर्धाच असतो. एका वेळी एकच पदार्थ, थोड्या मात्रेपासून, तीन दिवस. शक्य असल्यास पदार्थ कोणत्या दिवशी घातला आहे हे खाणाऱ्याला कळू देऊ नये. बाधेल या भीतीनेही पोट दुखते, आणि ते दुखणे खरेच असते. पूर्वी ॲलर्जीचा तीव्र त्रास झालेल्यांना ही पद्धत लागू नाही.

अलीकडे रक्ताच्या एका नमुन्यावर शंभर-दोनशे पदार्थांची ‘असहिष्णुता’ सांगणाऱ्या चाचण्या हजारो रुपयांना विकल्या जातात. त्या ‘आयजीजी’ प्रतिपिंडे मोजतात. ही प्रतिपिंडे आपण एखादा पदार्थ खातो एवढेच दर्शवितात; तो बाधतो असे नव्हे. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये आणि कॅनडातील संघटनेने २०१२ मध्ये या कारणासाठी त्यांचा वापर करू नये असे स्पष्ट केले आहे. अहवालात रंगीत तक्ते असतात, त्यामुळे विश्वास बसतो. जो रोज भात खातो त्याच्या नावापुढे भात निघतो, आणि चाळीस पदार्थांची यादी घेऊन माणूस घरी येतो. हा पैसा आणि ही भीती दोन्ही वाचविण्याजोगी आहेत.

मात्र काही लक्षणे वहीत लिहून थांबण्यासारखी नसतात. वजन उतरणे, शौचावाटे रक्त, ताप, रात्री झोपेतून उठविणारे जुलाब, न हटणारा पंडुरोग, पन्नाशीनंतर प्रथमच बदललेली शौचाची सवय, किंवा मुलाची थांबलेली वाढ दिसल्यास थेट डॉक्टरांकडे जावे. आपल्या देशात आतड्यांचा क्षयरोग आणि जिआर्डियासारखे परजीवी हेही ‘दूध सोसत नाही’ असा वेष घेऊन येतात, आणि त्यांना पथ्य नव्हे, औषध लागते.

पानात काय, डब्यात काय

सीलिॲकच्या रुग्णाला मराठी स्वयंपाकघर इतर अनेक स्वयंपाकघरांपेक्षा सोपे आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, शिवाय उपवासाचे वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा या सर्वांत निसर्गतः ग्लुटेन नाही. परदेशी ‘ग्लुटेनमुक्त’ पिठाची महागडी पाकिटे घेण्यापूर्वी घरातील भाकरीकडे पाहावे. अडचण येते ती गिरणीत. जात्यावर आधी गहू दळला असेल तर मागून पडणाऱ्या ज्वारीच्या पिठात तो मिसळतोच. घरघंटी घेऊन तिच्यात गहू कधीही न दळणे हा चांगला उपाय आहे. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो. रवा, शेवया, लापशी आणि गव्हाच्या चिकाच्या कुरडया उघडच वर्ज्य. डबीतला हिंग शुद्ध नसतो. तो डिंक आणि पीठ घालून केलेला असतो व ते पीठ अनेकदा मैद्याचे असते, तेव्हा तांदळाच्या पिठाचा हिंग शोधावा. सोया सॉस, माल्टयुक्त पेये आणि साधे ओट्स यांच्याबाबतही सावध राहावे.

पाकिटावरील मजकूर वाचण्याची सवय सर्वांनाच उपयोगी आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडे, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरील सल्फाइट यांचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिण्यासाठी एका किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. सुट्या मालाला, हलवायाच्या मिठाईला आणि पंगतीला असे लेबल नसते. तेथे विचारावेच लागते.

विचारणे आपल्याला जड जाते. सत्यनारायणाच्या प्रसादात गव्हाचा रवाही असतो आणि दूधही. नाही म्हणावे तर यजमान दुखावतात. दूध न सोसणाऱ्याने चमचाभर प्रसाद खुशाल घ्यावा, त्याला तो बाधणार नाही. सीलिॲकच्या रुग्णाला मात्र तोही चमचा वर्ज्य आहे, आणि त्याच्यासाठी केळे किंवा खडीसाखर पुढे करणे यजमानाला सहज शक्य असते. घरातील वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट आधीच यजमानांच्या कानावर घातली तर त्या मुलाला किंवा नव्या सुनेला चारचौघांत खुलासा करीत बसावे लागत नाही. सासूबाईंनी स्वतः वेगळी परात, वेगळे पोळपाट-लाटणे काढून दिले की निम्मे पथ्य तेथेच पार पडते.

शेवटी पाठपुराव्याविषयी. सीलिॲकच्या पथ्यानंतर टीटीजी-आयजीए पुन्हा तपासतात, प्रथम काही महिन्यांनी आणि पुढे साधारण वर्षातून एकदा. आकडा उतरत नसेल तर गहू कोठून तरी पोटात जात आहे असे समजून हिंगाच्या डबीपासून शोध सुरू करावा. जुलाबानंतर दूध बंद केलेल्या मुलाला महिना-दीड महिन्याने डॉक्टरांना विचारून ते थोडे थोडे पुन्हा देऊन पाहावे. आणि ज्यांनी वर्षानुवर्षे एखादा पदार्थ ‘चालत नाही’ म्हणून सोडला आहे, पण ज्यांना कधीही ॲलर्जी वा सीलिॲक आढळलेला नाही, त्यांनी एखाद्या सुट्टीच्या दिवशी, वही जवळ ठेवून, तो चमचाभर चाखून पाहण्यास हरकत नाही.